बाईंच्या वल्ह्याचं माप

वल्हं घ्यायचं ठरलं तेव्हा मापेसाहेबांचा अंदाज असा होता की शनिवारी सकाळी दहाला निघायचं, दुकानात जायचं, वल्हं घ्यायचं आणि जेवायच्या आत घरी यायचं. एकतीस वर्षं वजनमापांच्या खात्यात निरीक्षक असलेल्या माणसाचा अंदाज चुकू नये. पण चुकला, आणि असा चुकला की त्या वल्ह्यापायी अकरा दिवस गेले, वरच्या मजल्यावरच्या चीफशी बोलणं बंद पडलं, जुन्या कचेरीत जाऊन शोभा झाली, आणि शेवटी तळ्याच्या मधोमध जे झालं ते झालं. ते पुढे येईलच, घाई नको.

मापेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण इमारतीत सगळे त्यांना तसंच म्हणत, कारण ते भाजीवाल्याच्या तराजूसमोर नुसते उभे राहिले तरी तो न मागता दोन बटाटे जास्तीचे टाकत असे. त्यांच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. अर्ध्या इमारतीला अक्षरं बाईंनीच शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांनी शिकवायला हवी होती असं साहेबांचं मत होतं.

गेल्या वर्षी बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, सगळ्यांनी सांगितलं. पण बाई त्यानंतर खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या त्या बसल्याच. चहा कसा झालाय? बरा आहे. आज बाहेर यायचं? नको. चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेने गप्प करणारी बाई स्वतःच गप्प झाली. मग व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, पाण्यात जा, गुडघ्यावर भार येणार नाही. घरापासून दहा मिनिटांवर तळं, तळ्यावर एक छोटासा क्लब, क्लबात प्लास्टिकची एक कयाक आणि उभं राहून वल्हवायची एक रुंद फळी. बाई आधी कयाकमध्ये बसल्या. तिसऱ्या महिन्यात फळीवर उभ्या राहिल्या. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जेवताना सगळी हकिकत सांगितली, आणि जेवण झाल्यावर भांडी आवरताना पुन्हा पहिल्यापासून सांगितली. साहेबांनी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकली.

पण गुडघ्याला वेळापत्रक कळत नाही. एखाद्या दिवशी तो अर्धा तास उभं राहू देई, एखाद्या दिवशी दहाव्या मिनिटाला हटून बसे. मग बाईंनाही बसावं लागे, आणि हातात असायचं उभ्याने मारायचं लांबलचक, एका पात्याचं वल्हं. बसून ते चालवायचं म्हणजे खराट्याने चहा ढवळण्यातला प्रकार. तीन आठवड्यांपूर्वी तळ्याच्या मधोमध हेच झालं. बाई बसल्या, वारं सुटलं, आणि फळी जी गोल गोल फिरायला लागली ती थांबेना. साहेब काठावरच्या बाकावर होते. साहेबांना पोहता येत नाही. त्यांना घड्याळ बघता येतं, ते त्यांनी बघितलं. चाळीस मिनिटं आणि वीस सेकंद.

बाई हसत परत आल्या, पण ते हसणं साहेबांना ओळखीचं वाटलं नाही. आणि दोन दिवसांनी त्या सहज बोलल्यासारखं दाखवत म्हणाल्या, "क्लबची तळ्याला फेरी आहे ना, त्यातून मी नाव काढून घेतलं. काय करायचंय आता या वयात." एवढं बोलून त्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे गेल्या.

साहेबांना ते आवडलं नाही. एकीकडे बरंही वाटलं, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायको पाण्यात जाणार नाही, म्हणजे आपण बाकावर जीव मुठीत धरून बसायला नको. पण त्या खुर्चीकडे बघितलं की ते बरं वाटणं नासून जाई. त्यांना बाई तळ्यातही हव्या होत्या आणि काठावर सुखरूपही हव्या होत्या. माणसाने एवढं मागू नये, पण मागतो.

शोधता शोधता त्यांना कळलं की बदलतं वल्हं म्हणून एक वस्तू असते. दांड्याच्या एका टोकाला पातं. दुसऱ्या टोकाला मूठ बसवली की उभ्याने वल्हवा. मूठ काढून तिथे दुसरं पातं बसवलं की खाली बसा आणि दोन्ही हातांनी डावं-उजवं मारत चला. उठबस करणाऱ्या गुडघ्यासाठी उठबस करणारं वल्हं. साहेबांना ती कल्पना इतकी पटली की त्यांनी त्याच संध्याकाळी चीफला गाठलं. इथेच चूक झाली.

चीफ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त जहाज अभियंता. सव्वीस वर्षं समुद्रावर, पण सगळी इंजिनाच्या खोलीत. पाणी त्यांना दिसे ते फक्त कुठे गळती लागली तर. तरीही इमारतीत पाण्याविषयी शेवटचा शब्द त्यांचाच. त्यांनी आधी अॅल्युमिनियमवर व्याख्यान दिलं (जड, थंडीत हात गारठतो), मग कार्बनवर (हलकं, पण दगडावर आपटलं की संपलं), मग फायबरवर (मधलं, म्हणजे तुमच्याआमच्यासारखं). आणि मग हात झटकून म्हणाले, "पण बदलतं वल्हं घेऊच नका. सांधा आला की भानगड आली. ना धड हे, ना धड ते."

"माझ्या बायकोच्या गुडघ्यातला सांधाही बदललेलाच आहे," साहेब म्हणाले, "आणि ती धड आहे."

चीफ आपला कप उचलून आत गेले. साहेबही चहा अर्धा टाकून उठले. पुढचे चार दिवस दोघं जिन्यात भेटले की भिंतीचा रंग बघत. तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानातल्या ताईंनी तेवढ्यात न विचारता सल्ला दिला, "लाल रंगाचं घ्या हो. बुडालं तर दिसेल." त्या वल्ह्याबद्दलच बोलत होत्या, पण साहेबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता मापाकडे येऊ. उभ्याने मारायचं वल्हं माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त असावं असा नियम आहे. म्हणजे बाईंची उंची हवी. दवाखान्याच्या फाइलीत ती होती, ऑपरेशनच्याही कितीतरी आधीची, एकशे छप्पन सेंटिमीटर. पण दुसऱ्याने घेतलेल्या मापावर विसंबतील तर ते मापेसाहेब कसले. आणि बाईंना तर आधी कळू द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या आणि म्हणाले, "अगं, ही चौकट वाकडी झाल्यासारखी वाटते. जरा टेकून उभी राहा बघू."

बाई उभ्या राहिल्या. अडतीस वर्षांच्या संसारानंतर असल्या गोष्टींना का म्हणून विचारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

एकशे बावन्न.

साहेबांनी चष्मा पुसला. "जरा सरळ उभी राहा."

"सरळच आहे. चौकट वाकडी आहे ना?"

एकशे बावन्न. चार सेंटिमीटर गायब. आता दुसरा कोणी असता तर त्याच्या डोक्यात जे यायचं ते आलं असतं. पण साहेबांची सगळी हयात एका तत्त्वावर गेली होती, की वस्तू कमी भरली तर आधी साधन तपासा. त्यांनी टेपकडे संशयाने बघितलं. पोलादी टेप, निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेली, नऊ वर्षं वापरातली. ताणली गेली असेल. ताणल्या टेपने वस्तू आखूडच भरणार. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप खिशात घालून जुन्या कचेरीत हजर झाले.

कचेरीत त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली तयार झालेली निरीक्षक मॅडम बसत होती. तिने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि टेप बघून अडखळत म्हणाली, "साहेब, अर्ज लागेल. तीन प्रतींत."

"एका टेपसाठी?"

"आणि टेप व्यापारी वापराची असल्याचा दाखला. खाजगी मापं आपण तपासत नाही."

"हा खुळा नियम कोणी केला?"

मॅडमने फाइल काढून परिपत्रक समोर ठेवलं. खाली सही होती. सुवाच्य, ठसठशीत, एकवीस वर्षांपूर्वीची, स्वतः साहेबांची. शिपायाने चहा ठेवता ठेवता सही वाचली आणि तो तिथेच घुटमळला.

शेवटी मॅडमलाच दया आली. चहाच्या सुट्टीत, म्हणजे कचेरी अधिकृतरीत्या अस्तित्वात नसताना, तिने टेप आतल्या खोलीत नेली आणि मानक पट्टीला लावून बघितली. "अचूक आहे साहेब. केसभरही फरक नाही." मग तिने विचारलं, "का हो? काय कमी भरलं?"

साहेबांनी टेप खिशात घातली. "एक फळी," ते म्हणाले.

बाहेर येऊन ते बसथांब्यावर बसले. दोन बस गेल्या. एकाच घरात, एकाच टेबलावर, रोज समोरासमोर जेवताना, आपल्या डोळ्यांदेखत बायको चार सेंटिमीटर कमी झाली आणि आपल्या लक्षात आलं नाही. लोकांचं दहा ग्रॅम कमी भरलं तर आपण पंचनामे केले. त्यांना स्वतःचा राग आला, मग रडू आल्यासारखं झालं, मग तिसरी बस आली आणि ते चढले.

दुकानात वल्ह्यांची भिंतच होती. दुकानदारीण चटपटीत, उन्हाने रापलेली. तिने विचारलं, "कोणासाठी? उंची किती?"

साहेबांनी दोनदा खाकरून सांगितलं, "एकशे छप्पन." एकशे बावन्न हा आकडा त्यांच्या तोंडून निघेना. खात्यात इतकी वर्षं काढून त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा खोटं माप सांगितलं.

"काही हरकत नाही," ती म्हणाली आणि दांड्यावरची कळ दाबली. दांडा सुर्रकन लांब झाला, परत दाबली, आखूड झाला. "हे कमीजास्त होतं. कोणत्याही उंचीला चालतं."

साहेबांनी ती कळ स्वतः दाबून बघितली. "म्हणजे मोजायची गरजच नव्हती."

"नव्हतीच म्हणा ना."

चौकट, टेप, परिपत्रक, शिपाई, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. या अपमानाचं कुठेतरी उट्टं काढायलाच हवं होतं. फायबरचं वल्हं पसंत करून त्यांनी चिठ्ठीवरचं वजन वाचलं, नऊशे ग्रॅम, आणि तराजू मागितला. दोन्ही पाती लावून वल्हं भरलं एक हजार ऐंशी. साहेबांचे डोळे चमकले. "एकशे ऐंशी ग्रॅमची तफावत आहे."

"ते मूठ लावून, उभ्याचं वजन आहे काका. दुसरं पातं लावलं की वाढणारच."

"मग चिठ्ठीवर तसं लिहायला हवं."

"लिहा ना तुम्हीच," ती म्हणाली आणि तिने पेन पुढे केलं. साहेबांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि सवयीने खाली सही करून तारीख घातली. तिने ती चिठ्ठी नंतर काचेला चिकटवली म्हणतात. घरी यायच्या आधी साहेबांनी दांडा एकशे छप्पन अधिक वीतभर, म्हणजे एकशे शहात्तरच्या खुणेवर आणला आणि पक्का आवळला.

पण लपवायचं कुठे? घरात बाईंना न सापडणारी जागा नव्हतीच. नाक मुठीत धरून साहेब तिसऱ्या मजल्यावर गेले. चीफने दार उघडलं, वल्हं हातात घेतलं, प्रत्येक सांधा कानाशी धरून हलवला आणि म्हणाले, "वाईट नाही." चीफच्या तोंडून ही पदवी मिळालेली साहेबांच्या माहितीतली ती पहिलीच वस्तू. मग ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी वल्ह्याच्या सांध्याबद्दल बोलत होतो हो." साहेब म्हणाले, "ठाऊक आहे." चहा झाला, दोन्ही कप पूर्ण संपले.

आता वल्हं द्यायचं एवढंच उरलं होतं. पण पडताळणी न करता शिक्का मारणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. बुधवारी दुपारी बाई व्यायामाला गेल्या की दोघांनी तळ्यावर जायचं असं ठरलं. दुपारी क्लब बंद असतो. फळी आणि कयाक काठावरच पडलेल्या असतात, तरंगणारी जाकिटं खिळ्यांवर टांगलेली, फक्त वल्ही कुलपात, कारण वल्ह्याशिवाय नाव कोण नेणार. राखणदाराने डुलकीतून एक डोळा उघडून अर्ज पुढे केला. त्यात एक रकाना होता, पोहता येतं का? साहेबांनी लिहिलं, 'विचाराधीन'. अर्ज इतका नीट भरलेला राखणदाराने पूर्वी पाहिला नव्हता, त्याने तो ठेवून घेतला आणि उघडा डोळा मिटला.

साहेबांनी दोन जाकिटं घातली, एकावर एक. चीफ काठावर उभे राहून हुकूम देऊ लागले. पहिल्या प्रयत्नात साहेब फळीवर गुडघ्यांवर टेकले, दुसऱ्यात पाण्यात बसले, तिसऱ्यात उभे राहिले. खरोखर उभे राहिले. पायाखाली पाणी हलत होतं, समोर सगळं तळं पसरलेलं, आणि हातातल्या एका वल्ह्याने ते पुढे जात होते. बायकोने ती हकिकत दोनदा का सांगितली हे त्यांना त्या क्षणी कळलं. घरी जाऊन तिला तिसऱ्यांदा सांगायला लावायचं असं त्यांनी ठरवलं.

वाऱ्याला एवढंच हवं होतं. बघता बघता फळी मधोमध गेली. फळी डुगडुगायला लागली आणि साहेब अलगद खाली बसले. घाबरण्याचं कारण नव्हतं, याचसाठी तर बदलतं वल्हं होतं. त्यांनी मूठ काढून खिशात टाकली आणि दुसऱ्या पात्यासाठी हात मागे नेला.

दुसरं पातं चीफच्या हातात होतं. काठावर. त्या पात्याने ते ताल धरत होते.

दोघांनाही एकाच वेळी उमगलं. चीफ पातं हवेत हलवून ओरडू लागले, "हे इथे आहे." जणू काही त्यात शंका होती. साहेबांनी अर्ध्या वल्ह्याने पाणी मारलं आणि फळी गोल फिरली. चीफ दिसले, गेले, झाडं आली, राखणदाराची खोली आली, चीफ परत आले. तिसऱ्या फेरीला चीफ कपाळाला हात लावून उभे होते. चौथ्या फेरीला त्यांच्या शेजारी बाई उभ्या होत्या.

व्यायामाच्या मॅडम आजारी म्हणून बाई लवकर घरी आल्या होत्या, आणि औषधांच्या दुकानातल्या ताईंनी त्यांना लाल वल्ह्याचं काय झालं असं विचारलं होतं. पुढचं बाईंनी ओळखलं. त्यांनी एक शब्द न बोलता चीफच्या हातातून पातं घेतलं, जसं वर्गात मुलाच्या हातातून खोडरबर काढून घ्यावं तसं, जाकीट चढवलं, कयाक पाण्यात लोटली आणि त्या नुसत्या पात्याने, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, सरळ रेषेत साहेबांपर्यंत आल्या.

"काय चाललंय?"

"पडताळणी," साहेब म्हणाले. दोन जाकिटांमुळे त्यांची हनुवटी आत गेली होती. "तुझ्यासाठी आहे. उभी राहिलीस तर असं, बसलीस तर तसं. रविवारच्या फेरीसाठी."

"मी नाव काढून घेतलंय."

"माहितेय, म्हणूनच." त्यांनी दांडा मांडीवर आडवा ठेवला. "त्या दिवशी तू इथे चाळीस मिनिटं फिरत होतीस आणि मी तिथे बसून घड्याळ बघत होतो. दुसरं काही येतच नाही मला. मला फार भीती वाटली गं."

बाईंनी कयाक फळीला टेकवली. "आणि मी नाव कशासाठी काढलं असं वाटतं तुम्हाला? गुडघ्यासाठी? अहो, त्या दिवशी फळी गोल फिरत होती. प्रत्येक फेरीला तुमचा चेहरा समोर यायचा. तो बघवेना मला."

वल्ह्याचा विचार करता करता साहेबांनी सगळं मोजून बघितलं होतं, स्वतःचा चेहरा तेवढा राहिला होता.

बाईंनी त्यांच्या हातातून दांडा घेतला, दुसरं पातं खटकन बसवलं आणि दांड्यावरचा आकडा वाचला. "एकशे शहात्तर. एक वीत वजा केली की एकशे छप्पन. हे कोणत्या बाईसाठी आणलंत?"

"तुला ठाऊक आहे?"

"दवाखान्यात दर खेपेला मोजतात. दोन वर्षं झाली की. आणि चौकट वाकडी नाही आपली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला कमी भरलेलं चालत नाही ना," बाई म्हणाल्या.

हे त्या हसत म्हणाल्या, पण साहेबांना हसू आलं नाही. ते पुढे वाकले आणि त्यांनी बायकोचा ओला हात धरला. "तू किती भरतेस याच्याशी मला काही करायचं नाहीये," ते म्हणाले. "तू आहेस ना, बास."

बाईंनी हात सोडवला नाही. त्या म्हणाल्या, "आणि तुमच्या पँटी?"

"पँटींचं काय?"

"गेली चार वर्षं मी दर वर्षी खालून अर्धं बोट आत घेतेय. एकच घेतली तर तुमच्या लक्षात येईल, म्हणून सगळ्या एका दिवसात घेते, इस्त्री करून परत कपाटात ठेवते."

वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक तळ्याच्या मधोमध बसून आपल्या पायांकडे बघत राहिले. बाईंनी फळीचा दोर कयाकच्या मागच्या कडीला बांधला, नवं वल्हं दोन्ही हातांत धरलं, एकदा डावीकडे मारून बघितलं, एकदा उजवीकडे, आणि दोर ताणला गेला.

"काठ त्या बाजूला आहे," साहेब म्हणाले.

"माहितेय. मला फेरी मारायची आहे. रविवारपर्यंत हात बसायला हवा. तुम्ही पाय आत घ्या."

साहेबांनी पाय आत घेतले. काठावर चीफ दोन्ही हात हलवत होते, त्यांना साहेबांनी मूठ उंच धरून दाखवली. मग त्यांनी ओल्या पँटीची खालची दुमड उलटली. आत शिलाईच्या चार बारीक ओळी होत्या, एकीखाली एक, सगळ्या सरळ. त्यांनी पहिल्या दोन ओळींमध्ये बोट ठेवलं, मोजायला म्हणून. मग बोट तसंच ठेवून ते पुढे वल्हवणाऱ्या बायकोच्या पाठीकडे बघत बसले.